आकडे दुहेरी दिसतात म्हणजे डबल डायच, असं नाही

दर आठवड्याला कुणीतरी फोटो पाठवतं. कधी अमेरिकेचा सेंट, कधी आपला स्टीलचा रुपया. सालाचा आकडा भिंगाखाली धरून मोठा केलेला आणि खाली दोन प्रश्न: "दादा, हे डबल डाय आहे का? किती येतील?" खरं तर दुसरा प्रश्न मनात आधी आलेला असतो, लिहिताना तेवढा क्रम सभ्यपणे बदलतो. डबल डाय म्हणजे नाणं पाडणाऱ्या ठशातच चित्र दोनदा उतरलेलं. माझं उत्तर बहुतेक वेळा "नाही" असतं आणि त्यावर समोरून येतं, "पण दोनदा दिसतंय ना!" दिसतंय, मान्य. पण ते दुसरं चित्र आलं कधी? ठसा घडताना, नाणं पाडताना, की टांकसाळीतून बाहेर पडल्यावर कुणाच्या तरी गॅरेजमध्ये? तिन्हींच्या खुणा वेगळ्या असतात आणि दहापट भिंगाखाली त्या ओळखता येतात.

मी स्वतः यात भरपूर आपटलो आहे, म्हणून हे लिहितोय. मेहुणा न्यू जर्सीला असतो. एकदा सुट्टीवर येताना त्यानं बरणीभर सेंट आणले, जवळजवळ चार किलो. पहिल्याच संध्याकाळी मी दहा नाणी उलटून पाहिली, तर दहाच्या दहा नाण्यांची मागची बाजू उलटी! पुढचा लिंकनचा चेहरा सरळ आणि मागचं लिंकनचं स्मारक डोक्यावर उभं. ठसा फिरलेली नाणी, तीही बरणीभर. बायकोला हाक मारून दाखवली. मेहुणा सोफ्यावर हसत बसला होता. अमेरिकेची नाणी अशीच असतात. आपला रुपया पुस्तकाच्या पानासारखा उलटायचा, दोन्ही बाजू सरळ येतात. त्यांचा सेंट भिंतीवरच्या कॅलेंडरच्या पानासारखा खालून वर उलटायचा. त्या दोन देशांच्या टांकसाळींनी ठरवलेली मांडणीच तशी आहे. आजही "१८० अंश फिरलेला ठसा" म्हणून कुणी सेंट दाखवला की मला ती संध्याकाळ आठवते.

शिक्का दुहेरी, की हात हललेला?

आधी डबल डाय म्हणजे काय ते नीट समजून घेऊ, कारण निम्मा गोंधळ तिथेच आहे.

नाण्यावर चित्र तीन पायऱ्यांनी येतं. पोलादाच्या दांड्यावर नाण्यासारखंच उठावाचं चित्र असतं, तो हब. हब मऊ केलेल्या पोलादावर जोरात दाबला की त्यात खोलगट, उलटं चित्र उमटतं, तो ठसा, म्हणजे डाय. आणि दोन ठशांच्या मध्ये धातूची चकती चेपली की नाणं पडतं. जुन्या पद्धतीत हबच्या एका दाबात चित्र पुरतं उतरत नसे. दाबानं पोलाद कठीण व्हायचं, मग ते भट्टीत तापवून पुन्हा मऊ करायचं आणि परत हबाखाली बसवायचं. दुसऱ्यांदा बसवताना केसभर फिरलं, सरकलं, की एकाच ठशात दोन चित्रं उतरली. त्या ठशानं पाडलेलं प्रत्येक नाणं मग दुहेरीच.

ऑफिसातला रबरी शिक्का डोळ्यांपुढे आणा. मारताना हात हलला तर त्या एका कागदावर शाई फिसकटते, शिक्का मात्र ठणठणीत असतो. पण शिक्काच दुहेरी कोरलेला असेल तर तो ज्या ज्या कागदावर पडेल तिथे तेच दिसणार, त्याच जागी, तितक्याच अंतरानं. डबल डाय हा दुसरा प्रकार. लोक फोटो पाठवतात ते बहुतेक पहिल्याचे.

१९५५ चा फिलाडेल्फियाचा लिंकन सेंट हे यातलं सगळ्यात गाजलेलं नाणं. साल, लिबर्टी, वरचं इन गॉड वी ट्रस्ट, सगळं इतकं सरकलेलं की भिंगही लागत नाही. टांकसाळीच्या लक्षात आलं तोवर त्यातली २०,००० हून जास्त नाणी चांगल्या नाण्यांत मिसळून गेली होती, आणि तो सगळा ढीग वितळवण्यापेक्षा जाऊ द्यायचं ठरलं. त्यातली बरीच सिगारेटच्या यंत्रांमार्फत लोकांच्या हाती पडली. २३ सेंटचं पाकीट २५ सेंटच्या यंत्रातून निघायचं आणि सुटे दोन सेंट पाकिटाच्या वेष्टणातच घातलेले असायचे.

पहिली तपासणी: अक्षर जाड झालंय की सोललं गेलंय

एवढी एक तपासणी जमली तरी बहुतेक प्रश्न निकालात निघतात, त्यामुळे इथे थांबतो.

खऱ्या डबल डायमध्ये दोन पूर्ण अक्षरं एकमेकांवर पडलेली असतात. दोघांना आपापली उंची असते, माथा गोलसर असतो, आणि अक्षरांच्या टोकांशी, जिथे टी किंवा आयची आडवी रेघ संपते तिथे, बारीक खाच दिसते, माशाच्या शेपटीसारखी. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दोन्ही मिळून अक्षर नेहमीपेक्षा रुंद होतं. त्यात भर पडलेली असते.

यंत्रातल्या दुहेरीपणात उलटं घडतं. ठसा यंत्रात थोडा ढिला असतो. दाब पडतो, चित्र नीट उमटतं, आणि सुटताना ठसा जरा सरकतो. सरकताना नुकत्याच उठलेल्या अक्षराची कड तो चेपत, सोलत जातो. मागे राहते ती एक चपटी, चकचकीत पायरी, अक्षराच्या पायाशी, जवळजवळ नाण्याच्या सपाट भागाच्या पातळीवर. अक्षराचा वरचा भाग त्या प्रमाणात बारीक झालेला असतो. इथे भर पडलेली नाही, कात्री लागलेली आहे. पुढच्या नाण्याला ठसा वेगळा सरकेल, किंवा सरकणारही नाही. म्हणून डबल डायसारखा वेगळा प्रकार म्हणून त्याला किंमत नाही.

नाणं प्रकाशाखाली हळूहळू फिरवा. पायरी असेल तर एका कोनात ती आरशासारखी एकदम चमकते. गोल माथ्याचं दुसरं अक्षर तसं चमकत नाही, त्याच्यावर प्रकाश सरकत जातो.

एस बघ

बरणीतच मला १९६९ चा सेंट सापडला, सालाखाली सॅन फ्रान्सिस्कोच्या टांकसाळीची खूण, एस. १९६९ एसची डबल डाय ही १९५५ च्या तोडीची, आणि संख्येनं फारच थोडी. माझ्या नाण्यावर साल ठळक दुहेरी. दोन रात्री मी नीट झोपलो नाही. मग पुण्यातल्या नाण्यांच्या एका प्रदर्शनात एका जुन्या संग्राहकांना दाखवलं. त्यांनी भिंग डोळ्याला लावलं, दहा सेकंदांत नाणं परत दिलं आणि म्हणाले, "एस बघ."

एससुद्धा दुहेरी होता. त्याच दिशेनं, तितकाच.

१९८९ पर्यंत अमेरिकेच्या सेंटवरची टांकसाळीची खूण हबवर नसायची. ठसा तयार झाल्यावर ती प्रत्येक ठशात वेगळी, हातानं ठोकली जायची. म्हणजे हब दोनदा वेडावाकडा बसला तरी साल आणि अक्षरं दुहेरी होतील, एस मात्र एकटाच राहील. साल आणि एस दोन्ही एकाच दिशेला सरकलेले असतील तर गडबड नाणं पाडताना झालेली आहे. शिवाय खऱ्या १९६९ एसवर लिबर्टी आणि इन गॉड वी ट्रस्ट ही अक्षरंही स्पष्ट दुहेरी असतात. माझ्याकडे लिबर्टी अगदी साधं होतं. मी ते बघितलंच नव्हतं, कारण मी सालाकडेच बघत बसलो होतो.

१९६९ एसला यंत्रातला दुहेरीपणा इतका सर्रास आढळतो की फोटो येण्याआधीच मी "एस दाखवा" असं लिहून पाठवतो. या सालाची आणखी एक गंमत आहे. दोघा भामट्यांनी १९६९ सालचे, खूण नसलेले खोटे डबल डाय सेंट पाडले होते. ते प्रकरण तापलेलं असताना खोट्या पैशांचा तपास करणाऱ्या अमेरिकेच्या सीक्रेट सर्व्हिसनं काही खरे १९६९ एससुद्धा खोटे समजून जप्त केले.

१९९० पासून सेंटची खूण मूळ ठशातच आली, त्यामुळे त्यानंतरच्या नाण्यांना ही युक्ती चालत नाही. आणि १९९७ च्या आसपास हबची पद्धतच बदलली. आता चित्र एकाच दाबात उतरवतात. दुहेरीपणा त्यातही येतो, पण छोटा, आणि बहुधा नाण्याच्या मध्यभागाजवळ. २००५ किंवा २०१२ च्या सेंटवर कडेची अक्षरं १९५५ सारखी लांब सरकलेली दिसली तर आनंदापेक्षा संशय आधी यायला हवा.

झिजलेला ठसा

१९५५ लाच आणखी एक सेंट फिरतो. तिकडचे लोक त्याला गरिबाची डबल डाय म्हणतात. सालातल्या शेवटच्या पाचाभोवती अस्पष्ट सावली असते, बाकी सगळं साधं. हा ठसा झिजल्याचा परिणाम. हजारो वेळा धातू ठशावरून बाहेरच्या बाजूला वाहत जातो आणि अक्षरांच्या कडा खातो. अक्षरं सुजल्यासारखी दिसतात, कडा विरघळलेल्या असतात, आजूबाजूचा सपाट भाग संत्र्याच्या सालीसारखा खरखरीत होतो. खाच नाही, दोन माथे नाहीत, फक्त सूज. लोकांनी या नाण्यालाही पैसे मोजले आहेत. नाव गोड आहे, दुसरं काय.

आपल्या १९९२ ते २००४ मधल्या स्टीलच्या रुपयावर मला हाच प्रकार सर्वांत जास्त दिसतो. स्टील कठीण, ठशाची परीक्षा बघणारं. कणसाच्या टोकांना किंवा "भारत" च्या काना-मात्रेला जाड सावली असेल, तर बहुधा ठसा दमलेला आहे.

तांब्याच्या मुलाम्याखालचं जस्त

१९८२ च्या मध्यावर सेंटचा धातू बदलला. आधीचा जवळजवळ तांब्याचा, वजन ३.११ ग्रॅम. नंतरचा जस्ताचा, वर तांब्याचा पातळ मुलामा, वजन २.५ ग्रॅम. १९८२ साली दोन्ही पडले, म्हणून त्या सालाचा सेंट वजनकाट्यावर ठेवल्याशिवाय कशाचीही चर्चा करू नये. सोनाराकडे असतो तसा ०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा घ्या. भिंगानंतरचं हे दुसरं हत्यार.

या जस्ताच्या सेंटवर नाणं पडताना मुलामा ताणला जातो आणि अक्षराच्या कडेनं फाटतो. फटीतून जस्ताची करडी, निळसर रेघ दिसते आणि अक्षराला जोडीदार मिळाल्याचा भास होतो. रेघ करड्या रंगाची असेल तर तिथेच विषय संपला. मुलाम्याखाली हवेचे फोडही येतात. लिंकनच्या कानाखालच्या फोडाला "१९८४ चा दुहेरी कान" समजून बरेच लोक फसतात. खऱ्या १९८४ मध्ये कानाच्या पाळीखाली दुसरी पाळी असते, तिला नीट आकार असतो. फोड गोल असतो आणि टाचणीच्या टोकानं दबतो. (टाचणी टोचून बघू नका. मी एकदा बघितलं आहे.)

रंगावरून येणारे प्रश्न चुंबकानं सुटतात. १९४३ चा पांढरा सेंट चूक नाही. युद्धात तांबं वाचवायला तो स्टीलचा पाडला, वर जस्ताचा थर. वजन साधारण २.७ ग्रॅम, चुंबकाला चिकटतो. १९४३ चा तांब्याच्या रंगाचा सेंट मिळाला तर आधी चुंबक लावा. चिकटला तर स्टीलवर कुणीतरी तांबं चढवलं आहे.

गॅरेजातल्या चुका

दोन नाणी एकमेकांवर ठेवून पकडीत आवळली की एकाचं चित्र दुसऱ्यावर उलटं आणि खोल उमटतं. अशी नाणी "दोनदा पाडलेली" म्हणून विकली जातात. खरोखर दोनदा पाडलेल्या नाण्यावर दुसरं चित्र सरळ आणि उठावाचं असतं, कारण ते खऱ्या ठशानं आलेलं असतं, आणि त्याखाली पहिलं चित्र चेपलेलं दिसतं.

इथे एक अपवाद आहे, आणि आपल्या बाजारात त्याला चांगली मागणी आहे. व्यापारी ज्याला लखी म्हणतात ते नाणं. आधीचं नाणं वरच्या ठशाला चिकटून राहतं आणि पुढच्या चकतीवर तेच नाणं ठशाचं काम करतं. मग एका बाजूला नेहमीचं चित्र आणि दुसऱ्या बाजूला तेच चित्र उलटं, खोलगट. पकडीतल्या नाण्यात आणि लखीत फरक असा, की पूर्ण लखीच्या त्या बाजूला मूळ चित्राचा मागमूसही नसतो. पकडीतल्या नाण्यावर मूळ चित्र आणि आवळलेलं चित्र दोन्ही एकत्र भांडत असतात.

कड कापलेलं नाणं दिसलं तर कापलेल्या जागेच्या बरोबर समोरची कड बघा. चकती मुळातच अर्धवट असेल तर तिच्यावर कड उठवताना समोरच्या बाजूला पुरेसा दाब मिळत नाही, तिथली कड पुसट, पातळ राहते. समोरची कड जाडजूड आणि निरोगी असेल तर कानस चालली आहे. शिवाय कापाजवळची अक्षरं पाहा. चकती आधीपासूनच अपुरी असली तर धातू तिकडे ओढला जाऊन अक्षरं वितळल्यासारखी लांबतात. कानशीनं ती नुसती तुटतात.

आपल्या नाण्यांचे नेहमीचे तीन प्रश्न

"टांकसाळीची खूण नाही, चूक आहे का?" नाही. कोलकात्याच्या नाण्यांवर खूण नसतेच. मुंबईची सालाखाली चौकट (पत्त्यांतली, हिऱ्याच्या आकाराची), हैदराबादचा तारा, नोएडाचा गोल ठिपका. फिलाडेल्फियाच्या सेंटवरही खूण नसते, एक २०१७ चा अपवाद सोडला तर.

"मुंबईची चौकट गोल झाली आहे." ठशाच्या त्या खोबणीत ग्रीस आणि धातूचा चुरा भरला की चौकटीचे कोपरे भरत नाहीत. कधी अख्खा आकडा किंवा अक्षर गायब होतं. ही चूक खरी आहे, टांकसाळीतलीच आहे, पण तिला कुणी फारसं विचारत नाही.

आणि शिवराई. तिच्यावरची अक्षरं अर्धी कापलेली असतात, कधी दुहेरी, कधी मजकूर नाण्याबाहेर गेलेला. ही नाणी हातोड्यानं पाडलेली. ठसा चकतीपेक्षा मोठा, चकती कापलेली जशी जमेल तशी, हातातला ठसा दुसऱ्या घावाला हलणारच. तिथे वाकडेपणा हाच नियम आहे. "एरर शिवराई" म्हणून जास्त पैसे मागणाऱ्याला नमस्कार करावा आणि पुढच्या टेबलाकडे जावं.

फोटो पाठवण्याआधी

नाणं प्लॅस्टिकच्या पाकिटातून बाहेर काढा, प्लॅस्टिकमुळेच अर्ध्या वेळा दुहेरी कड दिसते. मोबाईलचा फ्लॅश बंद. टेबल-दिव्यापुढे पातळ पांढरा कागद धरा म्हणजे प्रकाश मऊ होईल. एकाच बाजूनं कडक प्रकाश आला तर उठावाची सावली पडते आणि ती सावली लोक दुसरं अक्षर समजतात. फोन चित्र आपोआप धारदार करतो, त्यानंही अक्षरांना पांढरी किनार येते. म्हणून नाणं चौथाई फिरवून दुसरा फोटो घ्या. दुहेरीपणा नाण्याबरोबर फिरला तर तो नाण्यावर आहे, दिव्याच्या दिशेनं सरकला तर सावली. दोन्ही बाजू, वजन, साल, खूण, आणि जिथे शंका आहे त्याच्याशिवाय आणखी एका शब्दाचा जवळून फोटो.

आणि कृपा करून धुऊ नका. चिंच-मीठ देवघरातल्या तांब्यासाठी ठीक. नाण्याची जुनी त्वचा गेली की खरी चूकसुद्धा निम्म्या भावाची होते.

एवढं सगळं करूनही दुहेरीपणा टिकला तर ठशाच्या खुणा शोधा. एका ठशाची सगळी नाणी एकाच आईची मुलं, त्यांच्यावर तेच ओरखडे उतरतात. खऱ्या १९५५ च्या मागे सेंट शब्दातल्या टीच्या डाव्या बाजूला बारीक उभे ओरखडे असतात. १९७२ च्या ठळक डबल डायच्या मागे युनायटेडच्या डीच्या वर, कडेजवळ, छोटी खरवड असते. तुमच्या नाण्यावर ती खूण सापडली तर मग मात्र खुर्चीत सावरून बसा. प्रमाणपत्रासाठी नाणं बाहेर पाठवण्याचा खर्च पुष्कळदा नाण्याच्या किमतीपेक्षा जास्त होतो, तेव्हा हा हिशेब आधी करा. आणि तुमचं नाणं लाखोंना विकून देतो म्हणत कुणी आधी शुल्क किंवा कर मागितला तर फोन ठेवा. रिझर्व्ह बँकेच्या नावानं असे पैसे उकळले जात असल्याचा इशारा बँकेनं स्वतः ऑगस्ट २०२१ मध्ये दिला होता.

त्या बरणीतून शेवटी एक निघालं. १९९५, खूण नाही, लिबर्टी आणि इन गॉड दोन्ही दुहेरी, गोल माथे, टोकांना खाचा, साल जवळजवळ साधं, कारण त्या ठशावर फिरण्याचं केंद्र सालाच्या बाजूलाच होतं. पायरी शोधत मी त्याला तीन दिवस वेगवेगळ्या प्रकाशात फिरवलं, कुठेच चमकली नाही. मेहुण्याला सांगितलं तर म्हणाला, "मग बरणी परत घेऊन जातो." ते नाणं आता पुठ्ठ्याच्या चौकोनात आहे आणि त्याच्या शेजारच्या चौकोनात तो १९६९ एस. नवीन कुणी घरी आलं की मी आधी १९६९ हातात देतो आणि भिंग पुढे करतो.